उमेदवारीचे दोन अर्थ

1964 मध्ये बिहारमधल्या मुंगेरच्या मतदारांनी पोटनिवडणुकीत एका पुणेकराला लोकसभेवर पाठवले. मुंगेरमध्ये त्याचे घर नव्हते, शेत नव्हते, सोयरीक नव्हती. जातीची गणिते जिथे तोंडपाठ असतात तिथे त्याच्या जातीचा काही हिशेबच नव्हता. तरी मधू लिमये निवडून आले. 1967 मध्ये पुन्हा आले, 1971 मध्ये हरले, आणि 1973 व 1977 मध्ये शेजारच्या बांका मतदारसंघातून परत आले.

मी तीस वर्षे पुण्यात राज्यशास्त्र शिकवले. वर्गात ही गोष्ट सांगितली की दरवर्षी कुणीतरी विचारायचे, "मॅडम, पण त्यांना तिकीट कुणी मिळवून दिलं?" या प्रश्नाबद्दल मी मुलांना कधी नावे ठेवली नाहीत. त्यांनी पाहिलेल्या राजकारणात माणूस वर जातो तो वरून कुणीतरी हात दिल्यामुळे. तो हात वडिलांचा असतो, काकांचा असतो, सासऱ्यांचा असतो, नाहीतर 'साहेबां'चा. पंधराव्या वर्षी फर्ग्युसनच्या फाटकातून आत आलेला एक मुलगा विद्यार्थी चळवळीत पडतो आणि सत्तावीस वर्षांनी देशाच्या संसदेत पोचतो, ही वाट त्यांनी पाहिलेलीच नाही. ती त्यांना दिसणार तरी कशी? महाराष्ट्राने कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका थांबवून ती बंद केली, त्याला आता तीन दशके उलटली आहेत, आणि ती पुन्हा उघडली पाहिजे असे माझे ठाम म्हणणे आहे.

मराठीत 'उमेदवारी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणे हा आज सगळ्यांना ठाऊक असलेला. दुसरा जुना. पोरगा छापखान्यात खिळे जुळवायला लागला, वकिलाच्या हाताखाली कागद उतरवायला लागला, की घरचे सांगत, "सध्या उमेदवारी करतोय." पगार नाही किंवा नावापुरता, काम शिकायचे, चुका करायच्या, बोलणी खायची. या दोन अर्थांना आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवले आहे आणि ते मला फार खरे वाटते. आपल्या राजकारणात पहिली उमेदवारी उरली, दुसरी गेली.

लिमयांची दुसरी उमेदवारी किती लांब होती ते पाहा. 1937 मध्ये फर्ग्युसन. तिथून विद्यार्थी चळवळ आणि पुण्यातल्या समाजवाद्यांचा गोतावळा, म्हणजे एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे. ऑक्टोबर 1940 मध्ये युद्धविरोधी भाषणांबद्दल अटक झाली तेव्हा वय अठरा. रवानगी धुळ्याच्या तुरुंगात, जिथे साने गुरुजी होते. 1942 मध्ये भूमिगत. 1943 मध्ये पुन्हा अटक, सुटका 1945 मध्ये. 1955 मध्ये गोवा सत्याग्रहात गेले, पोर्तुगीजांनी बारा वर्षांची शिक्षा ठोठावली, त्यातली एकोणीस महिने भोगली. मुंगेरच्या मतदारांसमोर उभे राहिले ते हे सगळे पाठीशी घेऊन, बेचाळिसाव्या वर्षी.

तुरुंगवासाचा आकडा मोठा म्हणून माणूस मोठा, असे मला म्हणायचे नाही. तुरुंगात गेलेले पुष्कळ असतात. त्या वर्षांत हा माणूस शिकत होता, हे महत्त्वाचे. आपल्यापेक्षा वयाने वीस वर्षे मोठ्या माणसांशी भर बैठकीत मतभेद कसा मांडायचा, ठरावाचा मसुदा कसा लिहायचा, मतदानात हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर कामाला कसे बसायचे, हे तो वर्षानुवर्षे करत होता. संसदेत सदनाच्या नियमांवर त्यांची जी हुकमत होती, जिच्यामुळे ते हातात कागद घेऊन उठले की मंत्री सावध होत, ती एका रात्रीत आली नव्हती. आणि आणीबाणीत इंदिरा गांधींच्या सरकारने लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा 'लोकांनी आम्हाला पाच वर्षांसाठीच पाठवले होते' या एका साध्या तत्त्वापायी तुरुंगात असलेल्या ज्या दोघांनी 1976 मध्ये खासदारकी सोडली, त्यातले एक लिमये होते. दुसरे शरद यादव, जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी नेते, जे सत्ताविसाव्या वर्षी पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले होते. दोघेही विद्यार्थी चळवळीतले, हा मला योगायोग वाटत नाही. मत कुणी आणि किती काळासाठी दिले याची जाण ज्याला विशीत आली, त्याला ती पन्नाशीत सहज विसरता येत नाही.

आता कुणी म्हणेल, विद्यार्थी नेते वर गेले म्हणजे सगळे सोन्याचे झाले का? नाही झाले. आसामचे उदाहरण विसरून हा विषय मांडता येणार नाही. 1979 ते 1985 अशी सहा वर्षे तिथल्या विद्यार्थ्यांनी परदेशी घुसखोरांच्या प्रश्नावर आंदोलन चालवले. 15 ऑगस्ट 1985 रोजी केंद्र सरकारशी करार झाला, ऑक्टोबरमध्ये आंदोलकांचा पक्ष निघाला आणि डिसेंबरमध्ये विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले. वसतिगृहाच्या खोल्यांतून निघालेली मुले चार महिन्यांत मंत्रालयात बसली. देशभरच्या तरुणांना त्या वेळी काय अभिमान वाटला होता! मी स्वतः तेव्हा कॉलेजात होते. आम्ही पेपरमधली कात्रणे कापून वहीत चिकटवली होती. पुढे काय झाले? पाच वर्षांत राष्ट्रपती राजवट, आणि 1991 मध्ये करारावर एकत्र सह्या करणाऱ्या मित्रांमध्येच फूट पडून भृगू फुकन यांचा वेगळा पक्ष. आंदोलन उभारायला लागते ते धैर्य त्यांच्याकडे अमाप होते. पण सरकार चालवायला लागते ती मुरण्याची वर्षे त्यांना मिळाली नाहीत. लाटेने त्यांना उचलले आणि लाटेनेच टाकले.

याच्या उलट सीताराम येचुरी. 1977 मध्ये जेएनयूच्या विद्यार्थ्यांचा मोर्चा इंदिरा गांधींच्या घराशी गेला आणि येचुरींनी त्यांच्यासमोर उभे राहून, तुम्ही विद्यापीठाचे कुलपतिपद सोडा, हे निवेदन वाचून दाखवले. त्यांनी पुढे ते पद सोडले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस व्हायला येचुरींना 2015 उजाडावे लागले. मधली अडतीस वर्षे माणूस मुरत होता. त्यांची विचारसरणी तुम्हाला पटो न पटो, 2005 ते 2017 या काळात राज्यसभेत बोलणारा तो माणूस विरोधकाचे ऐकून घेऊन उत्तर देत असे, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील.

देशाबाहेर पाहायचे तर चिलीचे गाब्रिएल बोरिच. 2011 च्या शिक्षण आंदोलनातला हा विद्यार्थी नेता पुढे खासदार झाला आणि मार्च 2022 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष. सहाच महिन्यांत नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर जनमत झाले. बोरिच मसुद्याच्या बाजूने होते आणि सुमारे 62 टक्के लोकांनी तो नाकारला. त्याच रात्री त्यांनी कौल मान्य केला आणि दोन दिवसांत मंत्रिमंडळात जुन्या, अनुभवी लोकांना जागा करून दिली. ज्याने विद्यार्थी संघटनेच्या निवडणुका लढवल्या आहेत, त्याला लोक 'नाही' म्हणतात तेव्हा काय करायचे असते ते ठाऊक असते.

पुण्यात ही गोष्ट पक्षापक्षांत वाटून घेण्याचे कारण नाही. शरद पवार बीएमसीसीचे. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे लॉ कॉलेजचे, आणि मुंडे त्याआधी अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेत तयार झालेले. प्रकाश जावडेकर पुण्यातल्या विद्यार्थी परिषदेचे, आणीबाणीत सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले. 2016 मध्ये तेच केंद्रात मनुष्यबळ विकासमंत्री झाले. कुमार सप्तर्षी आणि युवक क्रांती दलाची सगळी धग या शहराने पाहिली आहे. डावे, उजवे, मधले, सगळ्यांना या शहरातल्या कॉलेजांनी माणसे पुरवली. मग ही खाण आटली कशी?

ती आटली नाही. तिच्यावर झाकण ठेवले गेले. 1989 मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्याआधीही मारामाऱ्या, पळवापळवी, पैशांचा धूर होताच. आई-वडील घाबरले आणि ती भीती खोटी नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने ते पक्के केले. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी आपोआप वर्गप्रतिनिधी. खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक यांतून प्राचार्यांनी नेमलेला एकेक. आणि या मूठभरांनी आपल्यातून एक निवडायचा. गुणवत्तेच्या नावाखाली प्रतिनिधित्वाचा अर्थच बदलला. प्रतिनिधी म्हणजे ज्याला बाकीच्यांनी निवडले तो. ज्याला परीक्षकाने जास्त गुण दिले तो हुशार असेल, गुणी असेल, पण तो कुणाचाच प्रतिनिधी नाही. आणि गैरप्रकार तरी थांबले का? मतदारच पंधरा-वीस उरले, तेव्हा त्यांना गाडीत घालून सहलीला नेणे सोपेच झाले. यूआरच्या, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधीच्या, निवडणुकीच्या आधी मुले 'गायब' होण्याच्या बातम्या आम्ही पुण्यात वर्षानुवर्षे वाचल्या.

मी खुल्या निवडणुकीला उभी राहिले होते. 1986 साल, एस.वाय.ला. मला जीएस, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थ्यांची सरचिटणीस, व्हायचे होते आणि सगळे म्हणत होते, "तू एलआरला उभी राहा ना, ती मुलींची जागा आहे." मी जीएसलाच उभी राहिले. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सात वाजता बंद व्हायचे आणि वाचनालय मुलांसाठी नऊपर्यंत उघडे असायचे, हा माझा एकमेव मुद्दा होता. मी हरले. कितीने हरले तेही आठवते, एकसष्ट मतांनी. माझ्या स्वतःच्या वर्गातल्या काहींनी मला मत दिले नव्हते आणि ते मला माहीत होते, त्यांनाही माहीत होते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो. जो जिंकला तो आमच्या विरुद्ध संघटनेचा. तीन दिवसांनी तो कॅंटीनमध्ये येऊन म्हणाला, "फाटकाचा अर्ज मी देणारे, पण मसुदा तू लिही. तुला त्यातलं जास्त कळतं."

त्या एका अर्जाने मला जे शिकवले ते पुढच्या पदवीने शिकवले नाही. असा नियम कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही, म्हणून तो बदलताही येत नाही, असे उत्तर आम्हाला कार्यालयातून मिळाले. अर्ज तीनदा परत आला. मग कळले की रेक्टरबाईंना अधिकार नाही, प्राचार्यांना आहे पण ते घेणार नाहीत, खरा निर्णय वर्षातून दोनदा बसणाऱ्या एका समितीचा आहे आणि त्या समितीत वसतिगृहात कधी पाय न ठेवलेली माणसे आहेत. आम्ही त्यातल्या एकेकाच्या घरी गेलो. एकाने दार लावून घेतले. एकाच्या पत्नीने आम्हाला पोहे दिले आणि आमच्या बाजूने नवऱ्याशी भांडल्या. जानेवारीत फाटक साडेआठला बंद होऊ लागले. दीड तास मिळाला, मागितले होते दोन. सत्ता कुठे बसते, ती कशी सरकते, आणि तडजोड म्हणजे शरणागती नव्हे, हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकले. आज त्या वयाच्या मुलीला हे शिकायला कोणती जागा आहे?

राजकारण अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून सुरू होते. 1973 च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचे बिल वाढले. मुले चिडली. फेब्रुवारी 1974 मध्ये गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ बिहारमध्ये विद्यार्थी उठले, जयप्रकाशजींनी नेतृत्व घेतले, आणि त्या आंदोलनातून जी पिढी निघाली तिने पुढची चाळीस वर्षे उत्तर भारतावर राज्य केले. पाटणा विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष असलेले लालूप्रसाद यादव एकोणतिसाव्या वर्षी खासदार झाले ते त्याच लाटेत. या पिढीने काय चांगले केले आणि काय वाईट, यावर दिवसभर बोलता येईल. पण ती पिढी कुणाच्या पोटी जन्मली म्हणून आली नाही. एका गवळ्याच्या घरातला मुलगा विद्यापीठाच्या निवडणुकीशिवाय कुणाच्या नजरेत आला असता?

आमच्याकडे जागा रिकामी राहत नाही, ती दुसरे कुणीतरी भरते. कॉलेजात निवडणूक नाही, म्हणून पुण्यातला तरुण राजकारणापासून लांब राहिला असे नाही. तो चौकातल्या फ्लेक्सवर गेला. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी पन्नास तोंडे, वर भाऊंचा मोठा फोटो, खाली 'युवा नेते'. हे पद त्याला कुणी मतांनी दिलेले नाही आणि म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही. ते फक्त भाऊ काढून घेऊ शकतात. त्यामुळे तो उत्तरदायी भाऊंना. दहा वर्षे असा माणूस वर्गणी, दहीहंडी आणि गाड्यांचा ताफा यांतच वाढला, तर तो नगरसेवक झाल्यावर अंदाजपत्रकाच्या सभेत काय बोलणार? पक्षांनी पैसे आणले, गुंड आणले म्हणून निवडणुका बंद केल्या, आणि तरुणांना थेट त्याच पैशांच्या आणि त्याच दादांच्या दारात नेऊन सोडले. एवढा मोठा घात आपण शिस्तीच्या नावाने केला.

नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर, एस. एम. जोशी पुलावरून संध्याकाळी चालत जा. पाठीवर सॅक, हातात चहाचा कागदी कप, मराठवाडा-विदर्भ-खानदेशातून आलेली हजारो मुले-मुली अभ्यासिकांतून बाहेर पडतात. गावातले सगळ्यांत हुशार मूल पुण्याला येते आणि त्याला अधिकारी व्हायचे असते. प्रतिनिधी व्हायचे त्याच्या स्वप्नातही येत नाही. ज्या माणसाच्या नावाच्या पुलावरून ते रोज चालते, तो 1929 मध्ये पर्वतीच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात होता, पुढे 1967 मध्ये पुण्याने त्याला लोकसभेत पाठवले, हे त्या मुलाला सांगणारे कुणी नाही. पण अन्याय दिसला की हीच मुले रस्त्यावर येतात. मार्च 2021 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा आली, 2023 मध्ये परीक्षेच्या नव्या पद्धतीवरून आली, ऑगस्ट 2024 मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तेव्हा आली. रात्र रात्र बसली. मी 2023 मध्ये दोन संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहिले होते. मुले शिस्तीत होती, घोषणा नेमक्या होत्या, रस्त्यावरचा कचराही तीच उचलत होती. फक्त एक गोष्ट नव्हती. सरकारशी बोलायला जायचे तर कुणी, हे ठरवण्याचा रस्ता त्यांच्याकडे नव्हता. निवडलेले कुणी नाही, त्यामुळे जो माईक धरेल तो नेता. मग प्रत्येक पक्षाचा पुढारी येऊन गेला, फोटो झाले, वरून आश्वासन आले आणि मुले परत अभ्यासिकेत गेली. त्या गर्दीतून एकही नाव पुढे उरले नाही.

2015 मध्ये याच शहरात एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी, अध्यक्षपदी झालेली गजेंद्र चौहान यांची नेमणूक रद्द करा म्हणून, 139 दिवस संप केला. मागणी मान्य झाली नाही. पण त्यांची स्वतःची विद्यार्थी संघटना होती, मंत्रालयाशी बोलणी तीच करत होती, संप मागे घेण्याचा निर्णयही तिने घेतला. हरले तरी कसे हरायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि आता एक गोष्ट अशी आली आहे जिच्यामुळे उशीर परवडणारा नाही. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळणार आहेत. त्या जागांवर येणाऱ्या स्त्रिया कुठे तयार होत आहेत? महापालिकांत पन्नास टक्के आरक्षण आल्यावर काय झाले ते आपण पाहिले. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की भाऊंच्या सौभाग्यवती, नाहीतर भाऊंच्या आई. त्यातल्या काहींनी उत्तम काम केले, मी त्यांना ओळखते आणि त्यांचा मला आदर आहे. पण ज्या मुलीचा कुणी भाऊ नाही तिचे काय? आज कला-विज्ञानाच्या अनेक वर्गांत मुली जास्त आहेत. त्यांच्यातल्या शंभरांनी जरी दरवर्षी जीएसची निवडणूक लढवली, त्यातल्या नव्वद हरल्या, तरी वीस वर्षांनी या राज्याला उमेदवार शोधत कुणाच्या स्वयंपाकघरापर्यंत जावे लागणार नाही.

कायदा तयार आहे, हे लोकांना माहीत नसते. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका परत आणल्या. 2019 मध्ये त्या होणार असे जाहीर झाले आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला. करोना गेला, निवडणुका आल्या नाहीत. हिंसा आणि पैसा यांवरचे उत्तरही तयार आहे. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या: पदवीच्या उमेदवाराला बाविसाव्या वर्षापर्यंतच उभे राहता येईल, 75 टक्के हजेरी हवी, खर्च 5000 रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, आणि पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. यातली हजेरीची अट मला थोडी जाचक वाटते, कारण कमवून शिकणाऱ्या मुलांना ती बाहेर ठेवते. पण ती बदलत बसण्यापेक्षा आधी मतदान होऊ द्या. अठराव्या वर्षी आपण मुलांना पंतप्रधान कोण हे ठरवायला लावतो. 1989 पासून लावत आहोत. आणि कॉलेजचे वाचनालय किती वाजता बंद व्हावे हे बोलायला त्यांच्यातला माणूस निवडू देत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने सुरुवात करावी. इतर विद्यापीठे काय करतात याची वाट पाहू नये. प्रवेश पूर्ण झाले की ऑगस्टमध्ये एक दिवस. प्रचार वर्गात आणि पटांगणात, हाताने लिहिलेल्या कागदावर. बाहेरच्या कुठल्याही पुढाऱ्याला त्या आठवड्यात आवारात प्रवेश नाही. प्रत्येक उमेदवाराने सगळ्यांसमोर दहा मिनिटे बोलायचे आणि वीस मिनिटे प्रश्न घ्यायचे. मतदान शिक्षकांच्या देखरेखीखाली. मोजणी त्याच संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये, हरलेल्या आणि जिंकलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.